कॉम्प्युटर सायन्सचं पुस्तक लायब्ररीत कुठं लपलेलं असतं

लायब्ररीत जायच्या आधी घरीच एक काम करून घ्या. ज्या सब्जेक्टचं पुस्तक पाहिजे त्याच्या सिलॅबसचं शेवटचं पान काढा. तिथं खाली टेक्स्ट बुक आणि रेफरन्स बुक अशा याद्या असतात, लेखकाचं आडनाव, एडिशन, साल, सगळं. त्याचा फोटो काढून ठेवा. नाहीतर होतंय काय, काउंटरला जाऊन आपण म्हणतो "सर, डेटा स्ट्रक्चरचं पुस्तक पाहिजे होतं", सर म्हणतात "कुणाचं?", आणि आपण मागं उभ्या असलेल्या पोराकडं बघायला लागतो. व्हीटीयूवाल्यांनी, म्हणजे बेळगावच्या विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीच्या पोरांनी, स्कीम (सिलॅबस कुठल्या सालचा ते) पण बघून घ्या, २०२१ ची वेगळी, २०२२ ची वेगळी. सिनियर जी यादी देतो ती त्याच्या स्कीमची असते आणि त्यातलं कायकाय तुम्हाला लागतच नाही.

मी हे सांगालोय कारण मी स्वतः चार वर्षं इंजिनिअरिंग केलं आणि त्यातली तीन वर्षं लायब्ररी म्हणजे पंख्याखाली बसायची जागा, एवढंच मला माहीत होतं. खानापूर तालुक्यातनं बसनं यायचं, एक बस चुकली की दुसरी येईपर्यंत लायब्ररी. फायनल इयरला प्रोजेक्ट गळ्यात पडला तेव्हा पहिल्यांदा रॅकमध्ये शिरलो. आमचं चौघांचं ठरलं होतं की हातानं लिहिलेली मराठी अक्षरं कॉम्प्युटरला वाचायला लावायची, कारण एकाच्या घरी आजोबांच्या वेळचे जमिनीचे कागद होते आणि ते आता घरात कुणालाच धड लागेनात. गाईडनी मान हलवली, आम्ही खूश. मग 'कॉम्प्युटर सायन्स' असा बोर्ड लावलेल्या रॅकसमोर दोन दिवस उभा राहिलो. सी आहे, जावा आहे, डीबीएमएसच्या एकाच पुस्तकाच्या वीस कॉप्या आहेत, खरं आमच्या कामाचं एकपण नाही. पोरांना जाऊन सांगितलं, लायब्ररीत काय नाही रे. होतं की! तीन ठिकाणी होतं, आणि त्यातलं एक वरच्या मजल्यावर इलेक्ट्रॉनिक्समध्ये.

तर पहिली गोष्ट ही, की बोर्डावर विश्वास ठेवू नका, नंबर बघा.

पुस्तकाच्या कण्यावर खाली एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली असते, त्यावर वर एक नंबर आणि खाली तीन अक्षरं. त्याला कॉल नंबर म्हणतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक कॉलेज लायब्ऱ्यांत हा नंबर ड्युई डेसिमल पद्धतीचा असतो. मेलविल ड्युई या माणसानं ही पद्धत काढली १८७६ साली. तेव्हा कॉम्प्युटर कुठला आलाय. त्यानं सगळ्या ज्ञानाचे ००० ते ९९९ असे कप्पे पाडून ठेवले आणि नंतर कॉम्प्युटर आल्यावर त्याला बसवायला जागा कुठं, तर सुरुवातीच्या 'जनरल' कप्प्यात. म्हणून कॉम्प्युटर सायन्स आज ००४, ००५ आणि ००६ मध्ये आहे. एकत्र कुटुंबात उशिरा आलेल्या पाव्हण्याला जिथं जागा मिळेल तिथं अंथरूण टाकतात, तसलाच प्रकार.

हे तीन नंबर पाठ करा, पाठ होतात लगेच. ००४ म्हणजे मशीन आणि जोडणी, आर्किटेक्चर ००४.२२ च्या आसपास, नेटवर्क ००४.६ ला. ००५ म्हणजे प्रोग्रॅमिंग आणि सॉफ्टवेअर, हा सगळ्यात जाड रॅक: ००५.१ ला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग आणि अल्गोरिदम, ००५.१३३ ला एकेक लँग्वेज, ००५.४३ ऑपरेटिंग सिस्टिम, ००५.४५३ कंपायलर, ००५.७३ डेटा स्ट्रक्चर, ००५.७४ डेटाबेस, ००५.८ सिक्युरिटी. आणि ००६ म्हणजे आजकाल सगळ्यांना जे पाहिजे असतं ते. ००६.३ एआय, ००६.३१ मशीन लर्निंग, ००६.३२ न्यूरल नेटवर्क, ००६.३५ भाषेवरचं प्रोसेसिंग, ००६.४ पॅटर्न रेकग्निशन, ००६.६ ग्राफिक्स, ००६.७ मल्टिमीडिया. आकडा पॉइंटनंतर लांबत गेला की विषय बारीक होत गेला म्हणायचं. खालची तीन अक्षरं बहुतेक वेळा लेखकाच्या आडनावाची असतात, म्हणजे कॉर्मेन असेल तर सी-ओ-आर.

इथं एक गंमत आहे, मी स्वतः फसलोय. ००५.१३३ हा नंबर ००५.४३ च्या आधी येतो, नंतर नाही. आपण १३३ बघतो, ४३ बघतो, म्हणतो १३३ मोठा म्हणजे पुढं असणार, आणि रॅकच्या भलत्या टोकाला जाऊन शोधत बसतो. हे डेसिमल आहे, पॉइंटनंतरचा एकेक आकडा सुटा बघायचा. पहिला आकडा १ आणि ४, एक लहान, संपलं. पाचवीतलं गणित, खरं दुपारी तीन वाजता रॅकसमोर उभं राहिल्यावर कुणाला आठवतंय.

आता विखुरलेली पुस्तकं. हीच खरी भानगड. कॉम्प्युटरचं हार्डवेअर, म्हणजे मायक्रोप्रोसेसर, लॉजिक डिझाईन, व्हीएलएसआय (चिपचं डिझाईन), हे इंजिनिअरिंगच्या ६२१.३९ ला बसतं. डिजिटल इमेज प्रोसेसिंगची पुस्तकं ६२१.३६७ ला असतात, कारण ड्युईच्या हिशोबानं तो फोटोग्राफीच्या तंत्राचा भाग. आमचं वरच्या मजल्यावरचं पुस्तक हेच. डिस्क्रीट मॅथ्स आणि ग्राफ थिअरी गणितात, ५११ ला. प्रॉबॅबिलिटी आणि स्टॅटिस्टिक्स ५१९ ला, आणि मशीन लर्निंग करणाऱ्या पोरानं ५१९.५ चा रॅक बघितला नसेल तर त्यानं अर्धी लायब्ररी बघितलीच नाही म्हणा. क्रिप्टोग्राफी कधी ००५.८ ला, कधी ६५२.८ ला. सर्च इंजिन आणि माहिती शोधायच्या तंत्राची काही पुस्तकं ०२५.०४ ला, म्हणजे लायब्ररी सायन्सच्या रॅकमध्ये, तिकडं तर कॉम्प्युटरची पोरं फिरकतच नाहीत.

आणि जुनं कॉलेज असेल तर अजून एक. ००४ ते ००६ हे नंबर १९८५ पासूनचे, त्याच्या आधी कॉम्प्युटर ००१.६ ला होता. ज्या लायब्ररीनं जुन्या पुस्तकांना नवीन नंबर दिले नाहीत तिथं एखाद्या कोपऱ्यात ००१.६४ लिहिलेली धूळ बसलेली पुस्तकं सापडतात. त्यातलं प्रोग्रॅमिंग गेलं बाराच्या भावात, खरं थिअरी आणि न्यूमेरिकल मेथडची काही पुस्तकं आजच्यापेक्षा नीट समजावून सांगतात, हे माझं मत, तुम्ही चाळून बघा.

काही विद्यापीठांत ड्युई नसून रंगनाथन यांची कोलन पद्धत दिसते, अक्षरं आणि विरामचिन्हं मिसळलेला नंबर. एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे मास्तर, १९३३ साली त्यांनी ही पद्धत छापली आणि शेवटची वर्षं बेंगळूरला काढली, तिथं १९६२ साली त्यांनी लायब्ररी सायन्सचं संशोधन केंद्रही उभं केलं. नंबर कुठल्याही पद्धतीचा असला तरी तुम्हाला काही फरक पडत नाही, एका ओळखीच्या पुस्तकाचा नंबर शोधा आणि त्याच्या दोन्ही बाजूला हातभर बघा. भाऊबंद शेजारीच राहतात.

ओपॅकवर येऊ. ओपॅक म्हणजे लायब्ररीचा कॉम्प्युटरवरचा कॅटलॉग, लायब्ररीतली ती दोन-तीन पीसी ज्यावर पोरं क्रिकेटचा स्कोअर बघत असतात. ती पुस्तक शोधायला ठेवलेली आहेत. त्यावरचं सॉफ्टवेअर कुठं कोहा असतं, कुठं सोल, कुठं ई-ग्रंथालय, दिसायला वेगळं, काम तेच, आणि बऱ्याच ठिकाणी घरनं मोबाईलवरपण उघडतं. सर्च करताना पुस्तकाचं पूर्ण नाव टाकू नका. कॅटलॉगमध्ये एंट्री करणारा पण माणूसच, एखादं स्पेलिंग चुकलेलं असतं आणि तुमची पूर्ण ओळ मग कुठंच जुळत नाही. लेखकाचं आडनाव आणि नावातला एक शब्द, बास. डेटाबेस हा शब्द जोडून टाकून बघा, मग तोडून डेटा आणि बेस असा टाका, जुन्या एंट्रीत तोडून लिहिलेलं असतं. ऑब्जेक्ट ओरिएंटेडमध्ये मधली रेघ टाकून आणि काढून, दोन्ही. सी लँग्वेज शोधणं तर डोकेदुखी, नुसतं एक अक्षर सर्चमध्ये बसत नाही, सी प्लस प्लसमधली अधिकची चिन्हं सिस्टिम गाळून टाकते, आर लँग्वेजचं तसंच. तिथं 'प्रोग्रॅमिंग' शब्दाबरोबर लेखकाचं नाव द्या किंवा सरळ कॉल नंबरच्या खान्यात ००५.१३३ टाका. सगळ्यात पक्कं म्हणजे आयएसबीएन, पुस्तकाचा स्वतःचा ओळख नंबर, पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर बारकोडच्या वर असतो, २००७ पासून तो तेरा आकडी आहे, त्याआधीच्या पुस्तकांना दहा आकडी, म्हणून तेरानं नाही मिळालं म्हणजे पुस्तक नाहीच असं धरू नका.

पुस्तक सापडल्यावर स्क्रीनवर स्टेटस बघा. 'इश्यूड' असेल तर कुणीतरी नेलंय, रिझर्व्ह करून ठेवा. 'अव्हेलेबल' असून रॅकवर नसेल तर तीन शक्यता: परत आलेल्या पुस्तकांच्या ट्रॉलीवर पडलंय, वाचणाऱ्यानं टेबलावर तसंच सोडलंय, किंवा कुणीतरी शहाणा परीक्षेपुरतं सिव्हिलच्या पुस्तकांमागं लपवून गेलाय. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, मला एक अल्गोरिदमचं पुस्तक काँक्रीट टेक्नॉलॉजीच्या मागं सापडलंय. रेफरन्स शिक्का असलेलं घरी मिळत नाही, तिथंच बसून वाचायचं किंवा लागतील ती पानं झेरॉक्स काढायची.

याउपर नाही सापडलं तर अटेंडंटना विचारा. लायब्ररियनच्या केबिनमध्ये नंतर जा, आधी जो माणूस रोज पुस्तकं उचलून रॅकला लावतो त्याला विचारा, त्याच्या हाताला ठाऊक असतं. आपल्या बेळगाव भागात ते बहुतेक कानडी बोलणारे. आपली मराठी शाळेतली पोरं इथं बुजतात, दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, कानडी कामापुरती, आणि इंग्लिशमधनं विचारायचं तर वाक्य जुळवण्यात वेळ जातो. अहो, "अण्णा, ई पुस्तक एल्लि ऐतिरी?" एवढं म्हणा आणि कागदावर लिहिलेला कॉल नंबर पुढं करा. समोरचा माणूस बहुतेक वेळा मराठीतच उत्तर देतो, "वर बघा की, तिसऱ्या कप्प्यात". बोर्ड कानडीत असले तरी घाबरायचं काय नाही, ग्रंथालय ग्रंथालयच, पुस्तक पुस्तकच, नियतकालिकाला पण जवळजवळ तोच शब्द. 'परामर्शन' म्हणजे रेफरन्स आणि 'एरवलु' म्हणजे इश्यू, हे दोन नवीन. 'गणक' दिसलं की कॉम्प्युटर. अक्षर ओळखता आलं की झालं, आणि ते तर बसच्या पाट्या वाचून आपल्याला येतंच.

पुस्तक हातात आल्यावर इश्यू करायच्या आधी कव्हरच्या आतलं पान उघडा, साल बघा. सगळीकडं नवीनच पाहिजे असं नाही. सी लँग्वेज, ऑटोमाटा, डिस्क्रीट मॅथ्स, ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ कल्पना, यांना वीस-तीस वर्षं जुनं पुस्तक चालतंय, कधीकधी बरं. वेब, क्लाऊड, मोबाईल ॲप, मशीन लर्निंगच्या सॉफ्टवेअर लायब्ऱ्या, इथं पाच वर्षांपूर्वीचं पुस्तक म्हणजे शिळी भाकरी, भूक लागली तर खा, खरं पोटाचं मग तुम्ही बघा. मशीन लर्निंगमागचं गणित मात्र जुनं असलं तरी तेच. आणि सिलॅबसमध्ये सातवी एडिशन दिली असेल आणि रॅकवर सहावी असेल तर परत ठेवू नका, बहुतेक वेळा चॅप्टरची अदलाबदल आणि एखादं नवीन प्रकरण एवढाच फरक असतो, दोन्ही अनुक्रमणिका शेजारी ठेवून बघितलं की कळतं.

एससी-एसटी विद्यार्थ्यांसाठी बऱ्याच कॉलेजांत बुक बँक असते, अख्ख्या सेमिस्टरला पुस्तकं मिळतात. काउंटरला विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही. विचारा.

आता पुस्तकांच्या पलीकडचं, कारण कॉम्प्युटर सायन्समध्ये नवीन गोष्ट पुस्तकात यायला उशीर लागतो. ती आधी पेपरात येते, आणि आमच्या फील्डची खासियत अशी की चांगले पेपर जर्नलपेक्षा कॉन्फरन्सला जास्त येतात. दुसऱ्या ब्रँचच्या मास्तरांना हे पटत नाही, ते म्हणतात जर्नल दाखव, खरं आमच्यात चांगल्या कॉन्फरन्सचा पेपर म्हणजे पक्का माल. हे पेपर आयईईई एक्सप्लोर, एसीएम डिजिटल लायब्ररी, स्प्रिंगर असल्या ठिकाणी असतात आणि त्यातले बरेचसे घरनं उघडायला गेलं की डॉलरमध्ये पैसे मागतात. भरू नका! तुमच्या फीमधनं किंवा सरकारच्या पैशातनं ते आधीच भरलेले असू शकतात.

व्हीटीयूच्या कॉलेजांसाठी विद्यापीठाचा कन्सोर्टियम, म्हणजे सगळ्यांनी मिळून सबस्क्रिप्शन घ्यायची सोय, आहे, त्यातनं जोडलेल्या कॉलेजांना ई-बुक आणि जर्नल मिळतात. सरकारी विद्यापीठं आणि सरकारी कॉलेजांसाठी केंद्राची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, तीन वर्षांना ६००० कोटी, ३० पब्लिशर, जवळजवळ १३,००० जर्नल, त्यात आयईईई, स्प्रिंगर नेचर, एल्सेव्हियर, वायली सगळे. म्हणजे व्हीटीयूच्या काय आणि राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या काय, कॅम्पसवर शिकणाऱ्या पोरानं 'पेपर मिळत नाही' म्हणायचे दिवस गेले. कॅम्पसच्या वायफायवर बसून लिंक उघडली की बहुतेक आपोआप उघडतं. घरनं पाहिजे असेल तर रिमोट ॲक्सेसचं लॉगिन लागतं, ते लायब्ररीतल्या कुणाकडं तरी असतं, कॉलेजचा ईमेल देऊन मागून घ्या. मला हे लॉगिन आठव्या सेमिस्टरमध्ये मिळालं, परीक्षेला पंधरा दिवस राहिले असताना, कारण ते असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं आणि नोटीस लावली होती ती बोर्डाच्या मागच्या बाजूला. आमचं कॉलेज कुठलं ते जाऊ दे.

ज्यांचं कॉलेज कशातच नाही त्यांनीपण हात टेकू नयेत. गुगल स्कॉलरवर पेपरचं नाव टाका, खाली 'ऑल व्हर्जन्स' असं असतं त्यावर दाबा, बऱ्याचदा लेखकानं स्वतःच्या पानावर फुकट पीडीएफ टाकलेली असते. 'सायटेड बाय' वर दाबलं की त्या पेपरनंतर कुणी काय केलं ते सगळं समोर येतं, जुन्या एका चांगल्या पेपरवरनं आजपर्यंत यायचा हाच रस्ता. एसीएमनं १९५१ ते २००० पर्यंतचे पेपर २०२२ साली सगळ्यांना खुले केले, डेटाबेस आणि ऑपरेटिंग सिस्टिममधल्या कितीतरी मूळ कल्पना त्यातच आहेत. आणि अर्काइव्ह (arXiv) ही फुकट पेपरांची साईट आहेच, १९९१ पासूनची, एआयचा बराचसा नवीन माल आधी तिथं पडतो. तिथल्या पेपरच्या नंबरातच तारीख असते, १७०६ नं सुरू झाला म्हणजे २०१७ चा जून. फक्त लक्षात ठेवा, तिथं बहुतेक पेपर टाकायला तज्ज्ञांची तपासणी लागत नाही, त्यामुळं तिथनं उचललेला पेपर पुढं कुठल्या कॉन्फरन्सला घेतला का ते डीबीएलपीवर बघून घ्या. ती जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात १९९३ साली सुरू झालेली यादी आहे, निव्वळ कॉम्प्युटर सायन्सची, दिसायला एकदम साधी, खरं त्यात कचरा कमी. व्हॉट्सॲपवर 'दोन दिवसांत पेपर छापून देतो, एवढे पैसे' म्हणून येतात त्या इंटरनॅशनल जर्नलांच्या नादाला मात्र लागू नका, त्यातले पेपर वाचू पण नका आणि त्यात छापू पण नका.

नेटवर्कवाल्यांसाठी एक वेगळंच. प्रोटोकॉलची, म्हणजे मशीननं मशीनशी बोलायच्या नियमांची, मूळ कागदपत्रं, आरएफसी म्हणतात त्यांना, पहिलं १९६९ सालचं, आणि सगळी फुकट आहेत. पुस्तकात लिहिलेलं असतं टीसीपी म्हणजे आरएफसी ७९३, १९८१ चं. ते उघडून बघा, ते रद्द होऊन त्याच्या जागी दुसरं आलंय असं दिसतं, ९२९३, २०२२ सालचं. व्हायव्हाला हे एक वाक्य टाकलं की बाहेरनं आलेले एक्स्टर्नल मान वर करून बघतात, अनुभवाचे बोल.

शोधगंगा विसरू नका. भारतातल्या विद्यापीठांचे पीएचडी थिसीस तिथं असतात, गांधीनगरचं इन्फ्लिबनेट ते चालवतं. अख्खा थिसीस वाचायचा नाही, कोण वाचतंय. पीडीएफ चॅप्टरवार सुट्या असतात, त्यातला लिटरेचर रिव्ह्यूचा चॅप्टर उघडायचा, साधारण दुसरा. कुणीतरी चार-पाच वर्षं घासून त्या विषयातले सगळे पेपर वाचून, कुणी काय केलं आणि कुठं अडलं हे लिहून ठेवलेलं असतं. आम्हाला देवनागरी अक्षरांवरचे असे थिसीस तिथंच मिळाले आणि त्यातल्या एकाच्या मागच्या यादीतनं डेटासेटचा, म्हणजे मशीनला शिकवायच्या नमुन्यांचा, पत्ता लागला.

हा डेटासेट कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन विद्यापीठाच्या रेपॉझिटरीत आहे, यूसीआय म्हणतात, मशीन लर्निंगचा डेटा शोधायचा तर पहिला थांबा तोच. हातानं लिहिलेली देवनागरी अक्षरं, ९२,००० चित्रं, ३६ व्यंजनं आणि १० आकडे, प्रत्येकाची २०००. आम्हाला वाटलं जिंकलो. रात्रभर ट्रेनिंग लावलं, सकाळी बघतोय तर आकडे झकास. मग आजोबांच्या कागदावरचं गावाचं नाव दिलं, तर त्यातल्या ळ च्या जागी मशीन कधी क म्हणतंय, कधी छ म्हणतंय. अर्धा दिवस आम्ही कोडमध्ये चूक शोधली. चूक कोडमध्ये नव्हतीच, तो डेटासेट नेपाळचा, आणि नेपाळीत ळ नाही! बेळगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, आमच्या भागात तर ळ शिवाय पानच हलत नाही. शेवटी गावच्या मराठी शाळेत गेलो, बाईंना विचारून सातवीच्या चाळीस पोरांकडनं प्रत्येकी पन्नास ळ लिहून घेतले, बरोब्बर दोन हजार. एका पोरानं पन्नासावा ळ काढून झाल्यावर विचारलं, "सर, आता हे कुणाला दाखवायचं?" तर डेटा कुठलाही उचला, त्याच्याबरोबर वर्णनाची जी फाईल येते ती आधी वाचा, कुणी, कुठं, कुणाकडनं गोळा केला ते. आम्ही ती प्रोजेक्ट संपल्यावर वाचली, पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं.

स्वतःच्या कॉलेजात नाहीच मिळालं तर दुसरीकडं जाता येतं. तुमच्या लायब्ररियनकडनं पत्र घ्यायचं, आयडी कार्ड बरोबर ठेवायचं, दुसऱ्या कॉलेजात किंवा विद्यापीठात बसून वाचायला देतात, घरी न्यायला सहसा देत नाहीत. आधी फोन करा, सेमिस्टरच्या परीक्षेच्या काळात बाहेरच्यांना घेत नाहीत असं पण होतं आणि मच्छेला, व्हीटीयूपर्यंत, जाऊन परत यायचं म्हणजे दिवस गेला. निपाणी-चिकोडीकडच्या पोरांना कोल्हापूर जवळ पडतं, शिवाजी विद्यापीठाची लायब्ररी चांगलीच मोठी आहे, तिकडंपण पत्र लागतंच. तुमचं कॉलेज डेलनेटचं, म्हणजे एकमेकांना पुस्तकं देणाऱ्या लायब्ऱ्यांच्या जाळ्याचं, मेंबर असेल तर हिंडायची गरज नाही, दुसऱ्या शहरातल्या लायब्ररीतनं पुस्तक किंवा पेपरची कॉपी मागवता येते, फक्त दम धरावा लागतो, म्हणून सबमिशनच्या आदल्या आठवड्यात मागू नका.

लेक्चर पाहिजेत तर एनपीटीईएल आहे, आयआयटी आणि आयआयएससीच्या मास्तरांची, ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर काय लिहायचं. फक्त त्यात मास्तर जे पुस्तक सुचवतात त्याचं नाव लिहून घेऊन ओपॅकवर बघत जा.

आणि पुस्तक कुठंच नसेल तर मागवायला लावा. काउंटरला बुक रेकमेंडेशनचा फॉर्म मागायचा, नसेल तर कोऱ्या कागदावर लेखक, नाव, एडिशन, पब्लिशर, आयएसबीएन आणि किंमत लिहायची, खाली वर्गातल्या पाच-सहा जणांच्या सह्या आणि सब्जेक्ट शिकवणाऱ्या सरांची एक सही. सरांच्या सहीशिवाय तो कागद पुढं सरकत नाही. बहुतेक ठिकाणी खरेदी मार्चच्या आधी उरकतात, बजेट संपवायचं असतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत द्या आणि एक झेरॉक्स स्वतःकडं ठेवा, त्यावर काउंटरवाल्यांची पोच घेऊन.